मशीनची खोड आणि माझी हजेरी

अहो, तुम्ही गेल्यावर रंजू मला रोज बरोबर उत्तरं देत होती, अन् तेच मला खुपत होतं.

जेवलीस का? हाव. शाळेत काय झालं? काही नाही, गणिताचे पेपर भेटले. डोकं दुखते का? नाही. बरी आहेस ना? बरी आहे आई. एका उत्तरात अडखळणं नाही की चिडणं नाही. नववीतली पोरगी, बाप जाऊन महिना होत नाही, अन् ती आईवर एकदाही ओरडत नाही, हे काय चांगलं लक्षण आहे? विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या अन् ही चटया अंथरत होती, पाण्याचे गिलास फिरवत होती. लोक मला म्हणाले, "भल्ली समजदार पोट्टी आहे वो बाई तुमची." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाप्पा, ही समजदारी नाही. असं गुळगुळीत वागणं या घरात मी एकाच माणसाचं पाहिलं आहे, अन् तो आता भिंतीवर फोटोत जाऊन बसला आहे.

तुम्ही हातातून निसटलात ते मला कळलंच नाही. ही पण तशीच निसटेल, माझ्या डोळ्यांसमोर हाव-हाव करत, हीच एक भीती छातीवर बसली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

तुम्हीच माझं नाव फिकरबाई ठेवलं होतं ना. भाच्यासमोर, शेजारच्यांसमोर सांगत बसायचे, "सौसरची बस जरा लेट झाली का हिनं मनातल्या मनात माही मौत-माती करून टाकलेली राह्यते. मी घरी येतो तवा ही तेरवीच्या सैपाकाले लागलेली!" सगळे हसायचे. मी म्हणायची, आपल्यात तेरवी नसते, निदान थट्टा तरी नीट करा. पण खरंच होतं ते. मन चिंती ते वैरी न चिंती, अन् माझं मन तर चोवीस तास ड्युटीवर. नवल हे की ज्या दिवशी तुम्ही बोरगावच्या संत्र्याच्या बगीच्यात झाडाखाली बसलात अन् उठलाच नाहीत, त्या दिवशी मी अगदी निवांत होते. वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावून खिडकीतून बाहेर पाहत होते. नागपूरच्या डॉक्टरनं सब ठीक आहे सांगितलं होतं ना. मग कशाची फिकर?

ते नागपूरचं पुढे सांगते. आधी त्या मशीनशी माझं भांडण आहे.

तुमच्या बहिणीचा गजू स्टेशन रोडवर भाड्याच्या खोलीत ती व्हिडिओ गेमची मशीन घेऊन आला. गावात टीव्हीच मोजक्या घरी, तोही नागपूरच्या टॉवरकडे तोंड करून मुंग्या दाखवणारा. अन् गजूच्या खोलीत टीव्हीच्या आत दोन माणसं बॉक्सिंग खेळायची अन् त्यातला एक आपल्या हातातल्या दांड्यावर चालायचा! पांढऱ्या चड्डीतला आपला, काळ्या चड्डीतला मशीनचा. अख्खं पांढुर्णं लोटलं. कापसाच्या गाड्या घेऊन आलेली माणसं गाडी सोडून आत डोकावायची. अन् सगळे हरायचे. काळ्या चड्डीवाला असा धडाधड मारायचा की कॉलेजची पोरं दांडा आपटून निघून जायची अन् गजू ओरडायचा, "अबे हळू, तुह्या बापाचा आहे का दांडा?"

तुम्ही मात्र खेळायचे नाही. मंडीतून आले की खांद्यावर दुपट्टा टाकून मागे भिंतीला टेकून उभे. कितीतरी दिवस नुसते उभे. मी एकदा शाळेतून येताना तिथे गाठलं अन् विचारलं, "खेळत नाही तं पाहून काय राहिले?"

"मालक पाहून राह्यलो," तुम्ही म्हणाले.

हे तुमचं मंडीतलं बोलणं होतं, मला ठाऊक होतं. शेठच्या वतीनं तुम्ही उभे बगीचे पाहायला जायचे. झाडावर संत्रा किती, हे बाकीचे झाडाकडे पाहून ठरवायचे, तुम्ही मालकाकडे पाहून. रंजूला तुम्ही शिकवलं होतं, "मालक आपल्याले पह्यले ज्या झाडापाशी नेते ना, थे त्याचं सगळ्यात चांगलं झाड. तिथं मान डोलवायची, मंग उलट्या कोपऱ्यात जाऊन उभं राह्यचं. खरा बगीचा तिथं राह्यते." बगीचावाले तुम्हाला शिव्या घालायचे अन् चहाही पाजायचे.

तसंच तुम्ही त्या काळ्या चड्डीवाल्याकडे पाहिलं. अन् एक दिवस घरी येऊन जेवता जेवता घास हातात धरून सांगितलं की सापडली. काय सापडली? खोड सापडली. थो पह्यले आपल्या रेषेत येते, मंगच मारते. रेषेत आल्याशिवाय त्याचा हातच उठत नाही. अन् खाली डाव्या कोपऱ्यात, दोन्ही दोऱ्यांना चिकटून आपला माणूस उभा केला, तर तो आपल्या रेषेत येऊच शकत नाही, अर्धं पाऊल वरच राहते. मग तो वर जाते, खाली येते, वर जाते, खाली येते, पिसाळल्यासारखा. मारत नाही. तो वर गेला की आपण एक ठेवून द्यायची अन् परत कोपऱ्यात. ताटातल्या भाजीनं तुम्ही मला सगळं रिंगण काढून दाखवलं. डाळीची वाटी काळ्या चड्डीवाला झाली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही जिंकले. त्यानंतर जिंकतच गेले. पण काय तो तमाशा! हातावर दुपट्टा टाकून खेळायचे, बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करतात तसे, म्हणजे मागच्या पोट्ट्यांना दांडा कसा हलतो ते दिसू नये. इथवर ठीक होतं. पण पोट्ट्यांपेक्षा तुम्हाला मशीनची भीती जास्त. गजूशी त्या खोडीबद्दल बोलायचं असलं तर त्याला हाताला धरून पानठेल्यावर न्यायचे. खोलीत बोललं तर मशीन ऐकेल! अन् मधे मधे मुद्दाम हरायचे, म्हणजे तिला संशय येऊ नये.

गजू डोक्याला हात लावायचा. "मामा, थ्या डब्ब्यात भेजा नाई वो."

"नाई कसा? भेजा नाई तं मंग इतक्या पोट्ट्याइले हरवून कोण राह्यलं?"

खरं सांगू, मी मास्तरीण असून दोन दिवस विचार करत होते की ती मशीन खरंच ऐकत असेल का. अन् तुम्ही तर सौद्यातला नियमच लावला होता: एकाच मालकाला एकाच युक्तीनं रोज रोज गंडवलं तर तो शहाणा होतो. मशीन कधीच शहाणी झाली नाही. पोळ्याच्या दिवशी होती तशीच दिवाळीला. वर, खाली, वर, खाली. तुम्हालाच शेवटी तिची दया यायला लागली होती.

मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं. मी म्हटलं, "हे काय जिंकणं आहे? कोपऱ्यात लपून? बॉक्सिंग आहे ना, मग समोर जाऊन मारा, चार खा, चार द्या."

तुम्ही हसत होते. मग हसणं थांबलं. म्हणाले, "मार खाऊन जिंकलं तरच जिंकणं काय वो? आपल्या बापाइनं समोर उभं राहून लय खाल्ला. काय भेटलं त्याइले? मार चुकवणं हेबी अक्कलच आहे."

माझे बाबा सौसरला दुसऱ्यांच्या शेतात राबले, तुमचे इथे. त्यांच्या पाठी मी पाहिल्या आहेत. पण पटलं नव्हतं. मनात होतं, एकदा नीट बसून सांगीन की मार चुकवणं वेगळं अन् माणसापासून लपणं वेगळं. ते भांडण तसंच राहून गेलं. तुम्ही भांडणही अर्धं टाकून गेलात, तुमची सवयच ती, ताटात अर्धी भाकर ठेवायची.

अन् गंमत पाहा, मशीनला लोळवणारा हा पैलवान रंजूसमोर रोज आडवा. दोन दांडे होते ना मशीनला, दोघांनाही खेळता यायचं. रंजू दुसरा दांडा धरायची अन् तुम्हाला ठोकायची. तुम्ही वैतागायचे, "इची खोडच नाई सापडत! कधी इकडून येते, कधी तिकडून येते, कधी येतच नाई!" रंजूनं मला हळूच सांगितलं होतं, "आई, मी टीव्हीकडे पाहतच नाही. बाबाकडे पाहते. ठोसा मारायच्या आधी ते खालचा ओठ चावतात." सगळ्या जगाच्या खोडी शोधणाऱ्या माणसाची खोड त्याच्या पोरीनं हेरून ठेवली होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं मी तुम्हाला चिडवणार होते, पण पोरीची युक्ती फुटेल म्हणून गप राहिले.

माझी खोडही तुम्हाला ठाऊक होती. एकदा तुम्ही चप्पल काढता काढता माझे सवाल सुरू झाले अन् तुम्ही खो खो हसायला लागले. "तूबी थ्या मशीनसारखीच आहे वो. सवाल ठरलेले, पाळी ठरलेली. जेवला का, गोळी घेतली का, बस भेटली का, दम लागला का. हजेरी घेऊन राह्यली का माही?" मी लाटणं उगारलं. तुम्ही "हजर, बाई!" म्हणून पळालात. मीही हसले. माझ्या वर्गातसुद्धा पोट्टे एकमेकांची हजेरी लावून देतात अन् मान खाली असली की मला कळत नाही. पण हे मला त्या दिवशी आठवलं नाही, आता आठवते. बैल गेला अन् झोपा केला, असं झालं माझं.

पावसाळा सरता सरता तुम्हाला जिना चढताना धाप लागायला लागली. इथल्या डॉक्टरनं सांगितलं, नागपूरला जाऊन छातीची तपासणी करून या. माझ्या शाळेत तिमाही परीक्षा. मी म्हटलं रजा टाकते, तुम्ही म्हणाले कायले, रंजू येते संग. सकाळच्या पॅसेंजरनं बापलेक गेले. मी दिवसभर पेपरवर लाल पेन घेऊन बसले होते अन् एक ओळ वाचली नव्हती.

संध्याकाळी तुम्ही आले ते सांबारवडीचा पुडा नाचवतच. बसल्या बसल्या सुरू झाले. डॉक्टरकडून निघून सीताबर्डीला गेलो, काय तिथली गेमची दुकानं, काय ते रंग, अन् एका नागपुरी पोट्ट्यानं मला असा हरवला, असा हरवला की मी पायरीवर बसूनच गेलो! तुम्ही बसायची नक्कल करून दाखवली. मी हसले, मग सवाल केले. डॉक्टर भेटले का? भेटले. छातीले मशीन लावली का? लावली. काय म्हणाले? घोड्यासारखं दिल आहे म्हणे. औषध? हेच चालू ठेवा. मी रंजूकडे वळले, "हो ना गं?"

"हाव, आई."

त्या दिवसापासून मी निवांत झाले. जन्माची फिकरबाई, अन् बरोबर तेव्हाच निवांत.

तुम्ही गेल्यावर रंजूचं ते "हाव, आई" माझ्या कानातून जाईना. रोज संध्याकाळी मी तेच सवाल करत होते अन् ती त्याच आवाजात उत्तरं देत होती. तिचा डबा अर्धा परत येत होता, गायीला घातला म्हणायची. आंघोळीला बसली की बराच वेळ पाण्याचा आवाज बंद. मी दाराबाहेर उभी राहून विचारायची, काय झालं? काही नाही आई. जितकी भीती वाटे तितके जास्त सवाल, अन् जितके जास्त सवाल तितकी ती जास्त हुशार. शेवटी मला तुमची मशीन आठवली. म्हटलं, माझ्या सवालांची पाळी तिला पाठ आहे. मी वर जाते, खाली येते, अन् पोरगी अर्ध्या पावलावर उभी आहे.

म्हणून रविवारी ठरवलं, आज एकही सवाल नाही. सकाळी चहा दिला, बरी आहेस का विचारलं नाही. भाजी निवडली, विचारलं नाही. जीभ चावत होते हो मी. दुपारी म्हटलं, "चल, गजूकडे जाऊ. मला तो गेम खेळायचा आहे."

रंजूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वेडी झाले. गजूनं तर मशीनवर चादर टाकून ठेवली होती. मामा गेल्यापासून त्यानं खोली उघडलीच नव्हती, म्हणत होता विकून टाकतो. त्यानं कुलूप काढलं अन् हळूच म्हणाला, "मामी, लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे. चालू कर."

लोक म्हणणारच होते. आम्ही रस्त्यानं जाताना पानठेल्यावरच्या माना वळल्याच होत्या. नवऱ्याची माती वाळली नाही अन् मास्तरीणबाई खेळायला निघाल्या. पण पोरीपुढे लोकांची भीती ती काय?

मी दांडा धरला. जात्याचा खुंटा धरतात तसा धरला असेल, कारण गजू हसू दाबत होता. काळ्या चड्डीवाला आला अन् त्यानं मला धू धू धुतलं. परत चालू केलं, परत तेच. रंजू स्टुलावर बसून पाहत होती. मग तिचे हात हलायला लागले. मग तिला राहवलं नाही.

"आई, खाली जा ना! कोपऱ्यात! बाबा तिथंच..."

बोलता बोलता थांबली. मी खाली गेले, कोपऱ्यात, दोऱ्यांना चिकटून. अन् मी तुमची युक्ती पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. तुम्ही ताटात दाखवली तशीच. तो बिचारा वर जाई, खाली येई, वर जाई. इतका प्रामाणिकपणे करत होता हो! त्याला जेवढं येते तेवढं सगळं करत होता, अन् समोरचा हातभर अंतरावर आहे अन् तो पोहोचतच नाही. लोकांना ते पाहून हसू यायचं. मला पाहवेना. मी दांडा ढकलून आपला माणूस मधोमध आणला अन् हात सोडून दिले.

"आई! मार खाऊन राहिली तू!"

"खाऊ दे."

पांढऱ्या चड्डीवाला पडला. टीव्हीतली घंटी वाजली. गजू चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेला, शहाणं पोरगं आहे ते. मी तशीच बसले. विचारावंसं इतकं वाटत होतं की दात दुखले, पण विचारलं नाही.

रंजू स्टूल माझ्याजवळ ओढून म्हणाली, "आई, आज तू काही विचारलं नाही."

"नाही."

"सकाळपासून नाही."

"हाव."

"विचार ना."

"काय विचारू?"

"नागपूरचं विचार."

अहो, मग ते सगळं बाहेर आलं. दवाखान्यात तुम्ही गेलेच नव्हते. फाटकापर्यंत गेले, आतली लाइन पाहिली, स्ट्रेचरवरचा म्हातारा पाहिला अन् रंजूला म्हणाले, आधी गेम पाहून येऊ. तिथे त्या पोट्ट्याशी खेळता खेळता मधेच दांडा सोडून पायरीवर बसले. घामानं सदरा चिंब, डावा हात दाबून धरलेला. अन् घरी येऊन तुम्ही मला त्याचीच नक्कल करून दाखवली. मी हसले त्याच्यावर. पोरगी तिथे रडकुंडीला येऊन म्हणाली, बाबा, दवाखान्यात चला. तुम्ही म्हणाले, थांब, उतरून राह्यलं. आंबिया बहराच्या संत्र्याचे सौदे निपटू दे, मंग जातो, पक्कं. अन् परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसून तुम्ही तिची तयारी करून घेतली. आई पहिल्यांदा हे विचारीन, मंग हे, मंग हे. मी सांगतो सगळं. शेवटी थे तुह्याकडे वळन, तू फक्त हाव म्हणजो. तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून वचन घेतलं.

मशीनची खोड तुम्ही पानठेल्यावर जाऊन बोलायचे. माझी खोड पॅसेंजरमध्ये बसून पोरीला शिकवली.

सगळं सांगून झाल्यावर रंजूनं विचारलं, "मी तेव्हाच सांगितलं असतं तं बाबा वाचले असते ना, आई?"

हा सवाल माझ्या हजेरीत कधीच नव्हता. तो ती एकटीच रोज स्वतःला विचारत होती, न्हाणीत, पाणी बंद करून. खोटं बोलायचा मोह झाला. नाही गं, काही झालं नसतं, असं म्हणून मोकळं व्हावं वाटलं. पण मग तीही मला तेच परत देईल, आयुष्यभर. मी तिला ओढून घेतलं अन् म्हटलं, "मला माहीत नाही, रंजू. वाचले असते की नसते, मला नाही माहीत. पण दवाखान्यात जाणं हे त्यांचं काम होतं. तुझं नव्हतं. ते वचन त्यांनी घ्यायलाच नको होतं. त्यांनी घेतलं, ते गेले, आता ते वचन संपलं. मी सांगते ना, संपलं." अन् ती रडली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी. चहा घेऊन आलेला गजू दारातच उभा राहून रडला. स्टेशन रोडवरच्या लोकांनी ऐकलं असेल, ऐकू दे.

मी तुमच्यावर रागावले आहे. खूप रागावले आहे. तुमचा सदरा धुवायला काढला अन् पिळता पिळता बडवला, इतकी. पोरीच्या डोक्यावर असं ओझं ठेवतात? मंडीतला एवढा हुशार माणूस, अन् दवाखान्याच्या फाटकातून पळाला? मग संध्याकाळी दिवा लावताना सगळा राग गळून जाते अन् नुसते तुम्ही राहता. तुमचे बाबा सरकारी दवाखान्यात चालत गेले होते अन् खाटेवर परत आले, ते तुम्ही कधी बोलले नाहीत, पण त्या रस्त्यानं जाताना तुम्ही नेहमी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवायचे. ते मी पाहिलं होतं. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, माझ्या पगारावर डोळा ठेवला नाही. शाळेतून दमून आले की माझ्या हातातली पिशवी तुम्ही घ्यायचे, मंडीतल्या लोकांसमोरसुद्धा. त्याचं मी कधी कौतुक केलं नाही. आता करते, ऐका.

अन् ते अर्धं राहिलेलं भांडण. मशीनसमोर कोपऱ्यात उभं राहणं ही अक्कल असेल, मान्य. मालकासमोर, शेठसमोर, जगासमोर खुशाल उभे राहा. पण माझ्यासमोर काहून उभे राहिले हो कोपऱ्यात? मी काय मारणार होते? मी रडले असते. रजा टाकली असती, तुमचा हात धरून त्या लाइनीत उभी राहिले असते अन् डोकं खाऊन तुमचा जीव नकोसा केला असता. एवढंच ना?

फिकर गेलेली नाही. ती माझ्यासोबतच जाईल. आता तर नवी आहे, रंजूच्या डोक्यातून तो सवाल एका रडण्यानं जाणार नाही हे मला कळते. पण सोमवारी सकाळी ती वेणीला फीत बांधत बसली होती. बराच वेळ एकच गाठ मारत होती, सोडत होती. माझ्या शाळेची वेळ झाली होती. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलंच, "बरी आहेस ना?"

रंजूनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही, आई. आज अजिबात बरी नाही."

मी पिशवी खाली ठेवली अन् तिच्याजवळ जाऊन बसले. अहो, इतकं चांगलं उत्तर या घरात मला किती दिवसांत कोणी दिलं नव्हतं.